खालच्या सुराचा पंचनामा

माझ्या चेलोवादनाची पहिली जाहीर दखल वनखात्यानं घेतली. वर्तमानपत्रानं नंतर घेतली, पण तीही तालुक्याच्या पानावर आणि माझं नाव न छापता. त्याबद्दल मी त्या वार्ताहराचा ऋणी आहे. खरं म्हणजे या सगळ्या प्रकरणात मी बऱ्याच जणांचा ऋणी आहे आणि त्यांत एक शेळीसुद्धा आहे. ही हकीकत आमच्या सोसायटीत सध्या भलत्याच टोकाकडून सांगितली जाते. त्या आवृत्तीत शेळी बाहेर असते आणि पिंजऱ्यात मी असतो. म्हणून एकदा नीट क्रमानं सांगून टाकतो.

चेलो म्हणजे व्हायोलिनचा थोरला भाऊ. खुर्चीवर बसून, दोन गुडघ्यांमध्ये उभा धरून तो गजानं वाजवतात. कंपनीच्या क्वालिटी विभागातून निवृत्त झालेली माणसं सहसा गुडघे बदलून घेतात, मी त्याच गुडघ्यांमध्ये चेलो धरला. का, ते विचारू नका. रेणुकानं, म्हणजे माझ्या बायकोनं, विचारून पाहिलेलं आहे.

आमच्या तळेगावात एक हौशी वाद्यवृंद आहे. नाव 'मावळ सिंफनी'. संचालक डॉक्टर सत्यम. ते पेशानं भूलतज्ज्ञ असल्यामुळे श्रोत्यांकडे पाठ करून उभे असले तरी त्यांतले किती झोपलेत हे अचूक सांगतात. आमच्या तालमी एका मंगल कार्यालयात होतात, कारण त्याचे मालक स्वतः व्हायोलिन वाजवतात. त्यांची अट एकच: लग्न असेल त्या दिवशी तालीम नाही. आता आमच्या घरातून पंचांग हद्दपार झालं ते आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली तेव्हा. ते परत आलं चेलोमुळे. मुहूर्त नसलेला दिवस शोधण्यासाठी पंचांग पाहणारा मावळातला पहिला ओव्हाळ मीच असेन. पौषात मुहूर्त नसतात, म्हणून पौष आमचा सुगीचा महिना. फक्त आमच्या समाजाची लग्नं मुहूर्त पाहत नाहीत. त्यामुळे गेल्या पौषातही काही तालमी बुडाल्या, आणि सगळा वाद्यवृंद माझ्याकडे अशा नजरेनं पाहत बसला की जणू ती लग्नं मीच जमवली होती.

वाद्यवृंदात चेलोवाले आम्ही दोघंच. एक मी, आणि दुसऱ्या लोणावळ्याच्या शुभदाताई. दोघांत फरक इतकाच, की त्यांना वाजवता येतं. ताईंनी उभी हयात मुंबईच्या स्टुडिओंत काढली. सिनेमात नायिका खिडकीशी जाऊन रडायला लागली की गाण्याच्या तळातून जो घुमारा येतो, तो कितीतरी वेळा ताईंचा असायचा. पुढे ते काम संगणक करू लागला आणि ताई तुंगार्लीच्या घरी परतल्या. आता शिकवण्या करतात, सुट्टीच्या दिवशी एखाद्या हॉटेलात पर्यटकांच्या जेवणाला साथ करतात. आम्हा हौशी लोकांना वाजवायला वेळ नसतो आणि ताईंसारख्या पोटासाठी वाजवणाऱ्यांना काम नसतं, तेव्हा ही दोन दुःखं दर रविवारी मंगल कार्यालयात एकत्र बसत.

शेजारी बसणाऱ्या दोन चेलोवाल्यांना मिळून स्वरलिपीचा एकच स्टँड असतो, आणि पानं उलटायची ती ज्युनियरनं. या कलेत मात्र मी लवकर पारंगत झालो. ताई सगळ्यांच्या आधी येऊन, पेन्सिलीला टोक काढून बसलेल्या असत. चुकलो तर रागावत नसत, नुसतं म्हणत, 'पुढच्या वेळी.' माझ्याकडे वाद्य नव्हतं तर त्यांनी स्वतःचा जुना चेलो मला दिला, ज्यावर त्यांनी पहिलं रेकॉर्डिंग केलं होतं तो. मी नको नको म्हणत असताना तो माझ्या गाडीत ठेवलासुद्धा.

पौषाच्या शेवटी लोणावळ्याला आमचा कार्यक्रम ठरला आणि डॉक्टरांनी ताईंना त्यांची स्वतःची एखादी रचना एकटीनं वाजवायची गळ घातली. ताईंनी हातातली पेन्सिल स्टँडवर ठेवली. मग म्हणाल्या, की रचना आहे, फार वर्षांपासून आहे, पण तिला खालून एक लांब सा लागतो, शेवटपर्यंत न हललेला. आयुष्यभर तो खालचा सा त्या स्वतःच दुसऱ्यांसाठी धरत आल्या होत्या. आपण वर जायचं तर खाली कोण बसणार, म्हणून ती रचना कधी कुणापुढे वाजलीच नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी मागे पाहिलं. मागे मांडवाचे खांब होते.

"सुहास धरेल," ताई म्हणाल्या.

एक सूर. आरंभापासून अखेरपर्यंत एकच. माझ्यासारख्या क्वालिटीवाल्या माणसाला यात काय अवघड, असं मला वाटलं. पण त्या जुन्या चेलोत एक खोड होती. बऱ्याच चेलोंत ती असते. एखाद्या ठरावीक सुरावर लाकूड आणि तार यांचं पटत नाही आणि वाद्य गुरगुरायला लागतं. वाजवणारे लोक त्याला 'लांडगा' म्हणतात. ताईंच्या जुन्या चेलोतला लांडगा नेमका त्या खालच्या 'सा'च्या घरात राहत होता. तो काबूत ठेवायचा उपाय ताईंनी दाखवला: डाव्या गुडघ्यानं वाद्याची कड बेतानं दाबायची. कमी दाबली तर लांडगा सुटतो, जास्त दाबली तर सूरच घुसमटतो. हा बेत काही केल्या माझ्या गुडघ्याला उमगेना, म्हणून मी घरी सराव सुरू केला.

आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. खालच्या मजल्यावरची अमृता घरूनच कंपनीचं काम करते. तिच्या मीटिंगमध्ये हैदराबादच्या साहेबानं विचारलं, तुमच्याकडे पिठाची गिरणी आहे का. तिनं ते सोसायटीचे सेक्रेटरी निलेश यांना सांगितलं. निलेशनं कान देऊन निदान केलं की पाण्याच्या पंपाचं बेअरिंग गेलं. मला बोलावणं आलं, कारण बेअरिंग म्हटलं की क्वालिटीवाला लागतो. मी अमृताच्या फोनवरचा आवाज मोठ्या गांभीर्यानं ऐकला आणि बेअरिंगच असल्याचा निर्वाळा दिला. पंप उघडला. बेअरिंग ठणठणीत निघालं, पण पंप काही परत बसेना. त्या संध्याकाळी सोसायटीत पाण्याचा थेंब नसताना मी शांतपणे चेलो काढला आणि सा लावला.

थोड्याच वेळात रिकाम्या बादल्या घेतलेली माणसं माझ्या दारात होती. मात्र तळेगावची माणसं सुसंस्कृत. ओरडली नाहीत, सल्ले देत बसली. एकानं चेलोच्या पोटात गोधडी कोंबायला सांगितलं. एकानं बासरी सुचवली, ती खिशात राहते म्हणून. एक आजोबा म्हणाले, की तुम्ही कानात इअरफोन घालून वाजवत जा, म्हणजे आम्हाला त्रास होणार नाही. निलेशनं नियमावली चाळून सांगितलं, की पाळीव प्राण्यांबद्दल नियम आहे, वाद्यांबद्दल नाही, तेव्हा हे तूर्त प्राण्यांच्या कलमाखाली घेऊ. माझ्या वर्मी घाव बसला. दुसऱ्या दिवशी चेलो उचलला आणि आमच्या गावी, कान्ह्याला, थोरल्या भावाकडे गेलो.

गेणूदादाचं गावाबाहेर, डोंगराच्या पायथ्याशी एक पॉलिहाऊस आहे. त्यात पूर्वी जरबेराची फुलं व्हायची. वादळात प्लास्टिक फाटलं तेव्हापासून त्यात कडबा असतो. दादानं काही विचारलं नाही. कडबा सरकवून जागा करून दिली, सरुवहिनींनी बसायला खुर्ची पाठवली. मी रोज दिवस मावळताना जायचो, सराव करायचो आणि चेलो त्याच्या पेटीत घालून कडब्याच्या आडोशाला ठेवून परतायचो. ना अमृता, ना निलेश, ना बादल्या. मी देहभान विसरून वाजवत होतो.

आठवडाभरात गावात बिबट्या आला.

म्हणजे पाहिला कुणीच नव्हता, पण संध्याकाळी डोंगराच्या बाजूनं त्याचं गुरगुरणं ऐकलं नाही असं घर राहिलं नाही. मावळात बिबट्या ही काही अफवा नसते. उसात, ओढ्यात तो असतोच. त्यामुळे कुणी हसण्यावारी नेलं नाही. गुरं लवकर आत घेतली जाऊ लागली, पोरांची शिकवणी बंद झाली. ग्रामपंचायतीत बैठक झाली आणि गावचा शिकलेला माणूस म्हणून मला बोलायला उभं केलं. मी बिबट्यावर बराच वेळ बोललो. वाकून काम करू नका, एकटेदुकटे फिरू नका, मोबाईलवर गाणी लावून चाला. वर हेही सांगितलं, की मी स्वतः रोज त्याच बाजूला असतो, मला तो अजून आढळलेला नाही, पण धोका ओळखून मी उद्यापासून तिकडे जाणं बंद करत आहे. टाळ्या पडल्या. आयुष्यात मला मिळालेल्या त्या पहिल्या टाळ्या, आणि त्यांवरही आता माझा हक्क राहिलेला नाही.

त्याच दिवशी वनखात्याच्या गार्ड मॅडम आल्या. नाव प्रतीक्षा. वयानं लहान पण कामाला कडक. आवाज कुठून येतो याची चौकशी करून त्यांनी पॉलिहाऊसच्या तोंडाशीच पिंजरा लावला, आतल्या कप्प्यात शेळी बांधली आणि सभोवार दोरी लावून कुणीही पलीकडे जायचं नाही असा हुकूम केला. ताईंचा चेलो दोरीच्या पलीकडे राहिला, आणि कार्यक्रम रविवारवर आलेला.

मी तालुक्याच्या ऑफिसात गेलो. तिथल्या साहेबांनी सहानुभूतीनं ऐकून घेतलं. आत जनावर अडकलंय का? नाही. माणूस? नाही. चारा? चारा आहे, पण मला चारा नको. मग नेमकं काय हवंय? मी चेलोचा आकार हातांनी हवेत काढून दाखवला. साहेबांनी तो नीट पाहिला आणि म्हणाले, की बिबट्यानं शेळी नेली तर भरपाईची सोय आहे, याच्यासाठी नाही. आधी त्याला ते नेऊ द्या, मग बघू.

ताईंना फोन करून अडचण सांगितली. सगळ्या तालुक्यात तिसरा चेलो नाही हे त्यांनाही ठाऊक होतं. मला वाटलं, रागावतील, निदान वाद्याची काळजी करतील. त्या म्हणाल्या, "तू जिवावर उदार होऊन आत जाऊ नकोस हं. माझं काय, मी नेहमीसारखी खाली बसेन. सवय आहे." आवाज अगदी साधा होता. कुणी बसायला जागा दिली नाही तर माणूस 'उभा राहतो की' म्हणतो, तसा. तो फोन ठेवल्यावर मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी प्रतीक्षाबाईंना विनवायला पुन्हा कान्ह्याला गेलो. प्रकरण किती गंभीर आहे हे मला पटावं म्हणून त्यांनी मोबाईल काढला. गावातल्या विक्कीनं ओढ्याच्या काठावरून रेकॉर्डिंग केलं होतं.

"ऐका काका. पूर्ण वाढलेला नर वाटतोय."

मी ऐकलं. लांब गुरगुर. मग थांबून पुन्हा लांब गुरगुर. मग एक चमत्कारिक 'च्च'. प्रतीक्षाबाईंच्या मते तो भक्ष्याचं हाड फोडतानाचा आवाज होता. ते हाड माझं होतं, म्हणजे ती जीभ माझी होती. काहीही चुकलं की मी 'च्च' करतो. पस्तिशीपासूनची सवय आहे, रेणुकाला विचारा. पुढे एक खोकलाही होता.

त्या क्षणी माझ्यापुढे दोन वाटा होत्या. गप्प बसलो तर बिबट्या आपोआप डोंगरात निघून गेला असता, माझं भाषण अजरामर राहिलं असतं, गेणूदादाची गावातली मान तशीच राहिली असती. फक्त रविवारी शुभदाताई खाली बसल्या असत्या. मी डोळ्यांसमोर ते चित्र आणून पाहिलं. ते मला बघवेना.

"मॅडम," मी म्हणालो, "तो नर मी आहे."

कुणाचाही विश्वास बसला नाही. बाजा सोडवायला सुहासराव काहीही बोलतात, असं सगळ्यांचं मत पडलं. दादा तर खजील होऊन मला बाजूला घेऊन म्हणाला, "सुहासा, अरं वस्तूपायी आसं वाट्टंल ते बोलू ने. लोकं काय म्हंतील." प्रतीक्षाबाई मात्र पद्धतशीर. तोंडी सांगून पिंजरा हलत नाही, म्हणाल्या, पंचनामा करावा लागेल. पंचांसमक्ष आवाज काढून दाखवा. दादा नात्यातला म्हणून पंच चालेना, तेव्हा सरपंच आणि आणखी एक वयस्क गृहस्थ उभे राहिले. बाकी गाव दोरीमागे. प्रतीक्षाबाई हातात काठी घेऊन मला आत सोडायला आल्या आणि मी पिंजऱ्याशेजारी खुर्ची टाकून चेलो काढला. शेळी माझ्याकडे पाहत होती.

बिबट्या नाही हे त्या सबंध गावात एकट्या मलाच ठाऊक होतं. तरीही सांगतो, डोंगराकडे पाठ करून, शेळीशेजारी बसल्यावर ज्ञानाचा काही उपयोग होत नाही. माझे गुडघे लटपटत होते. ते थांबवायला मी ते चेलोच्या कडेला टेकवून धरले, गज ठेवला आणि ओढला.

सा लागला. सरळ, गोल, तुपासारखा. लांडग्याचा मागमूस नाही. इतके दिवस ज्याच्यासाठी जिवाचं रान केलं तो सूर माझ्या हातून निघत होता, पॉलिहाऊसभर पसरत होता आणि मी मनातून म्हणत होतो, नको, आत्ता नको. सरपंचांनी तर डोकंसुद्धा डोलावलं. मी पुन्हा ओढला, पुन्हा तसाच.

"ह्ये तर लय ग्वाड हाय," दुसरे पंच म्हणाले. प्रतीक्षाबाईंनी मान हलवली. "जुळत नाही, काका."

जन्मात पहिल्यांदा बरोबर वाजवल्यामुळे माणसावर खोटेपणाचा आळ येतो, याला काय म्हणावं? मी डोळे मिटले, मनाचा हिय्या करून गुडघा सैल सोडला आणि सगळं बळ गजावर घातलं. लांडगा सुटला. असा सुटला, की प्रतीक्षाबाईंनी काठी उगारली आणि दोरीमागचं गाव दोन पावलं हटलं. आणि शेळीनं पिंजऱ्याच्या जाळीवर अशी काही धडक मारून टाहो फोडला, की पंचांना आणखी पुराव्याची गरज उरली नाही. माझ्या तोंडून सवयीनं 'च्च' निघालं.

"हाड," प्रतीक्षाबाई पुटपुटल्या आणि त्यांनी लिहायला घेतलं.

मग गाव हसलं. इतकं हसलं, की डोंगरातले खरे बिबटे असतील तर तेही ऐकून गेले असतील. मी मान खाली घालून चेलो पेटीत ठेवत होतो. दादा मात्र हसला नाही. तो पुढे आला, ती पेटी त्यानं स्वतःच्या खांद्यावर घेतली आणि सगळ्या गावादेखत मला विचारलं, "कार्येक्रम कवा हाय तुजा? आमी समदी येनार." मी त्या माणसाचे उपकार कोणत्या जन्मी फेडणार?

रविवारी कान्ह्याहून पिकअप भरून माणसं लोणावळ्याला आली. सोसायटीचीही आली. निलेश आला, अमृतानं सुट्टीच्या दिवशी लावलेली मीटिंग बुडवली. प्रतीक्षाबाई गणवेशाऐवजी साडी नेसून दुसऱ्या रांगेत बसल्या होत्या. ते सगळे काय ऐकायला आले होते ते मला पक्कं ठाऊक होतं.

शुभदाताईंची पाळी आली तेव्हा डॉक्टर बाजूला झाले. स्टँड नव्हता. ताईंना रचना पाठ होती आणि मला उलटायला पान नव्हतं, हात मोकळे मोकळे वाटत होते. ताईंनी खुर्ची जरा पुढे घेतली. माझ्याकडे न बघता हळूच विचारलं, "गुडघा?" मी म्हणालो, "आहे." आणि मी सा लावला.

ताई काय वाजवत होत्या त्याचं वर्णन मला जमणार नाही, मी कामात होतो. एवढंच कळत होतं की वर काहीतरी फार मोठं चाललंय आणि ते माझ्या सुरावर उभं आहे. गज संपत आला की फिरवायचा, पण फिरवल्याचं कळू द्यायचं नाही. मध्ये एकदा लांडग्यानं डोकं वर काढलं. मी गुडघ्यानं दाबलं, तो बसला. ताईंनी शेवटपर्यंत एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. व्यावसायिक माणूस शेजाऱ्याकडे केव्हा पाहत नाही हे मला ताईंनीच शिकवलं होतं: तो चुकणार नाही याची खात्री असते तेव्हा. वाजवून संपलं. मग लोक उभे राहिले.

नंतर सगळी मंडळी विंगेत आली. ताईंभोवती गर्दी. सरुवहिनी गर्दीतून वाट काढत पुढे झाल्या, ताईंचे दोन्ही हात हातात घेतले आणि म्हणाल्या, डोळ्यांतून पाणी काढलंत ओ. मग माझ्याकडे वळल्या. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल खरीखुरी हळहळ होती.

"भावजी, तुमी येवढं गज वडीत हुता, पर तुमचं काय ऐकाया आलं न्हाई बगा."

मी हसायचा प्रयत्न केला. तेवढ्यात दिसलं, की ताई हसत नव्हत्या. त्यांनी वहिनींचे हात सोडले नव्हते.

"वहिनी," त्या म्हणाल्या, "हे मला जन्मभर लोक म्हणत आलेत. माझ्यासाठी असं कुणी वाजवलेलं मी आज पहिल्यांदा ऐकलं."

वहिनींना ते कितपत कळलं कोण जाणे, पण त्यांनी पदरानं ताईंचे डोळे पुसले. मी दोन्ही चेलो उचलले आणि ताईंच्या मागून चालू लागलो.